सॅटेलाइट फोटोत धूर, धूळ आणि ढग वेगळे कसे ओळखायचे?

रिकामा_नकाशा: गेले चार दिवस वर्ल्डव्ह्यूवर (नासाची सॅटेलाइट चित्रांची साइट) एक करडा पट्टा बघतोय, कधी धूर वाटतो कधी पातळ ढग, आणि गंमत म्हणजे सकाळी दिसतो, दुपारी गायब, संध्याकाळी परत हजर. विरतो की माझंच काहीतरी चुकतंय? धूळ असेल तर कसं कळणार?

खिडकीतला: विरत नाही हो, तिथेच असतो. गाडीची काच उन्हाकडे तोंड असलं की कशी मळकट दिसते आणि ऊन पाठीशी आलं की स्वच्छ वाटते, तसंच. धुराचे कण बारीक, प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात, म्हणून भूस्थिर सॅटेलाइटला (जो पृथ्वीसोबत फिरत कायम एकाच जागेवर राहतो) सूर्य तिरका असतानाच धूर उठून दिसतो. गोज किंवा हिमावारी या भूस्थिर सॅटेलाइटची दर १० मिनिटांची चित्रं सलग पळवून बघा, एका फोटोवर काही ठरवू नका. आणि वीर्सचा (सॅटेलाइटवरचा कॅमेरा) आगीच्या ठिपक्यांचा लेयर लावा (३७५ मीटर रिझोल्यूशनचा), धूर असेल तर निमुळतं टोक बहुतेक त्या ठिपक्यांवरच येऊन थांबतं.

तिरपा_वारा: वरच्यात भर. थर्मल इन्फ्रारेड (उष्णता टिपणारं चित्र) लावून बघा, ढग दिसतो पण धूर जवळपास पारदर्शक, कारण कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान आणि तिथली तरंगलांबी ११ मायक्रॉनच्या आसपास. धुळीचं वेगळं, त्यातली सिलिकेटं ११ला जास्त शोषतात १२ला कमी, आणि बर्फाच्या ढगांचं बरोब्बर उलट, याच फरकावर मेटिओसॅट या युरोपच्या हवामान सॅटेलाइटचं डस्ट आरजीबी (धूळ रंगाने वेगळी दाखवणारं चित्र) चालतं, धूळ गुलाबी-किरमिजी दिसते आणि रात्रीही चालतं. जून २०२० मध्ये सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून कॅरिबियनपर्यंत गेली तेव्हा मी हेच लावून बसलो होतो, झोपेचं खोबरं.

शंकेखोर: पण दिसला म्हणजे तुमच्या नाकाशी आला असं नाही हां! सॅटेलाइट वरून सगळा थर एकत्र बघतो, पट्टा तीन किलोमीटरवरून जात असेल तर खाली हवा चांगली असू शकते. लोक फोटो टाकून घबराट करतात त्याचा वैताग येतो. कुठून आला ते बघायचं तर हायस्प्लिटमध्ये (हवा कुठून कुठे गेली ते काढणारं मॉडेल) मागे जाणारा मार्ग काढा, पण ५००, १५०० आणि ३००० मीटर असा तिन्ही उंचींवरून, वारा प्रत्येक थरात वेगळीकडे पळतो.

रिकामा_नकाशा: सकाळची चित्रं पळवली, शेपूट लख्ख दिसलं आणि टोकाला तीन लाल ठिपके! म्हणजे धूरच. पण इन्फ्रारेडमध्ये ठिपक्यांच्या अगदी वर एक पांढरा गोळा राहतोय, धूर तर दिसायला नको ना?

तिरपा_वारा: तो ढगच. आग जोरदार असली की गरम हवा वर चढून धुराच्या माथ्यावर ढग बनतो, पायरोक्युम्युलस म्हणतात. वेळेसकट स्क्रीनशॉट टाका की इथे.