शाळेच्या मैदानावर कृत्रिम टर्फ: मुलांना धोका कितपत?

कृष्णाकाठ
सांगलीत नदीकडच्या सखल भागातली शाळा आहे. मैदान ६० × ४० मीटर, काळ्या मातीवर मुरूम टाकलेलं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. एक देणगीदार टर्फ बसवून द्यायला तयार आहेत: ५० मिमी उंचीचं प्लास्टिकचं गवत, त्यात वाळू आणि जुन्या टायरचा काळा चुरा. पालकसभेत कॅन्सरचा विषय निघाला आणि सगळं तिथंच अडलं. मुलं पाचवी ते दहावीची. खो-खो, कबड्डी, फुटबॉल खेळतात. भीती कितपत खरी? होकार द्यायचा तर कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावं?

बालरोग_सातारा
आधी कॅन्सरचं. टायरच्या चुऱ्यात जस्त, थोडं शिसं आणि पीएएच ही डांबरा-धुरात सापडणारी रसायनं असतात, यात वाद नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा २०२४ चा अहवाल म्हणतो की ती चुऱ्यात आहेत, पण खेळणाऱ्याच्या शरीरात जाणारं प्रमाण मर्यादित दिसतं. मात्र हे धोक्याचं अंतिम मोजमाप नाही, असंही त्यातच म्हटलेलं आहे. युरोपात ऑगस्ट २०२२ पासून आठ पीएएचची बेरीज किलोला २० मिलिग्रॅमच्या आत लागते. ऑक्टोबर २०३१ पासून तिथं या चुऱ्याची विक्रीच बंद होणार आहे, ती मात्र सूक्ष्म प्लास्टिकच्या कारणानं.

माझ्या मते पालकांनी जास्त काळजी उन्हाची करावी. खरं गवत पाणी बाष्परूपानं सोडून थंड राहतं, प्लास्टिकला ती सोय नाही. सांगलीच्या एप्रिलमध्ये हवा ३९ अंशांवर असताना टर्फचा पृष्ठभाग ६५-७० पर्यंत जाऊ शकतो. खो-खोची मुलं अनवाणी पळतात, सूर मारतात. तळव्याला फोड, गुडघ्या-कोपराची सालपटं, आणि लहान मुलांना उष्माघात लवकर. बाहेरचे भाड्याचे टर्फ रात्री दिव्यात चालतात, म्हणून तिथं हा त्रास जाणवत नाही. शाळेचा पीटीचा तास दिवसा असतो.

सालपटं निघाली तर लगेच वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, चुऱ्याचा कण आत राहू देऊ नका, जखम झाका. २००३ मध्ये सेंट लुईस रॅम्स या अमेरिकी संघात औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफ जिवाणूचा संसर्ग अशाच घासलेल्या जखमांतून झाला होता. टॉवेल एकमेकांचे वापरू नयेत. चुरा तोंडात जातो तो हातावाटे, म्हणून डब्याआधी हात धुणं सक्तीचं.

मैदान_काम
कोटेशनमध्ये हे मागा. चुऱ्याचा पीएएच अहवाल आणि गवताच्या पात्याचा शिशाचा अहवाल, दोन्ही तुमच्या मालाच्या बॅचचे. पाच वर्षांपूर्वीची झेरॉक्स चालणार नाही. पात्याचा अहवाल का? २००८ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत काही मैदानांच्या पात्यातच शिसं सापडलं होतं, रंग टिकावा म्हणून घातलेलं.

दुसरं, कडकपणा. आघाताची चाचणी असते, तिचा आकडा 'जी-मॅक्स' म्हणतात. तो २०० च्या वर जाता कामा नये. नवीन मैदान बहुतेक पास होतं. खरी गडबड दोन-तीन वर्षांनी होते: गोलसमोर आणि कोपऱ्यात चुरा उडून जातो, उरलेला दबतो, आणि डोकं आपटलं तर खाली जवळपास खडी. ५० मिमी गवतात भराव (वाळू आणि चुरा) ३५ मिमीच्या आसपास हवा. खिळ्यावर मिलिमीटरच्या खुणा करून महिन्यातून एकदा दहा जागी टोचून मोजा, कमी भरलं तिथं चुरा टाका. आठवड्याला ताठ ब्रश फिरवा, आधी उभा, मग आडवा. ब्रशचं काम कोण करणार हे करारात नसेल तर ते कुणीच करत नाही.

टर्फच्या दोन पट्ट्यांमधला जोड हा तिसरा कच्चा भाग. त्याखाली ३० सेंमीची टेप आणि दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) गोंद लागतं. ओलसर हवेत ते नीट धरत नाही, तेव्हा जून ते सप्टेंबर काम घेऊ नका. सुटलेल्या जोडात बूट अडकला की घोटा किंवा गुडघा गेलाच. लांब स्टडचे बूट बंद, फक्त छोट्या रबरी दाण्यांचे.

पण तुमची जागा सखल आहे, म्हणून हे सगळं असूनही माझा सल्ला नकोचा आहे. २००५, २०१९, २०२१ चा पूर तुम्हाला सांगायला नको. किलोमीटरभर पसरलेलं पाणी ओसरतं तेव्हा बारीक पोयटा भरावात आणि खालच्या निचऱ्याच्या भोकांत बसतो. सांडपाणीही त्यात असतं, त्यामुळे धुऊन भागत नाही, भराव काढूनच टाकावा लागतो. चौरस मीटरला १० किलो धरले तरी तुमचा चुरा २४ टन होतो. त्यातला बराच नदीत जाईल. खाली काळी माती फुगते-आकसते, बेस हलतो आणि वर लाटा उठतात.

कृष्णाकाठ
पाणी मारून टर्फ थंड करता येतं असं ठेकेदार म्हणतात. आणि चुऱ्याऐवजी कॉर्क किंवा नारळाचा काथ्या?

मैदान_काम
थंड होतं, पण कडक उन्हात वीस-तीस मिनिटांत पुन्हा तापायला लागतं. २ मिमी पाणी म्हणजे २४०० चौरस मीटरला ४,८०० लिटर, प्रत्येक वेळी. कॉर्क-काथ्या कमी तापतात, मात्र जोराच्या पावसात कॉर्क तरंगून एका कडेला जातो. पुराच्या जागी तोही नको.

हरळीवाला
मग तेच पैसे निचऱ्यात घाला. काळी माती ३० सेंमी काढा, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) अंथरा, १५ सेंमी मुरूम रोलरनं दाबा, वर १५ सेंमी लाल माती आणि धुतलेली कच यांचं मिश्रण. उतार मधून दोन्ही कडांना १ टक्का, म्हणजे २० मीटरला २० सेंमी, आणि कडेनं उघडे चर. चर झाकू नका, पुरानंतर फावड्यानं गाळ काढता आला पाहिजे. फुटबॉलच्या भागात हरळी लावा. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिमी पाणी लागतं. सगळं मैदान हिरवं केलं तर १२,००० लिटर रोज. म्हणून निम्म्यातच लावा. जत-आटपाडीकडच्या दुष्काळी भागातल्या शाळांनी तर टँकरच्या भरवशावर हा विचारच करू नये.

खो-खो, कबड्डीचा भाग हरळीशिवाय ठेवा, चाळलेल्या लाल मातीचा. संध्याकाळी पाणी शिंपडून हलका रोलर फिरवला की फुफाटा बसतो.

लागण जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, गाठी असलेले तुकडे १५ सेंमी अंतरानं. गणपतीपर्यंत त्या भागात मुलांना सोडू नका, आणि नंतरही आठवड्याला १५-२० तासांपेक्षा जास्त खेळ त्याच जागी घेऊ नका. गोलपोस्ट हलवता येणारे घ्या, म्हणजे गोलसमोरची हरळी मरत नाही. मात्र वापरताना ते खाली घट्ट बांधा, उलटून मुलांवर पडतात.