दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना शेतात न्यायचंय, काय दाखवू?

आम्ही संभाजीनगरला राहतो, सासर लातूरकडं. पोरगी ६ ची, पोरगा ३ चा, दोघांनाही वाटतं भाजी दुकानातच उगवते 😄 हुरडा मिळेल का आत्ता? ऊन किती असतं?

— हुरडा आत्ता कुठं ताई, ज्वारी नुकतीच पेरलेली असते, तो डिसेंबर-जानेवारीत. आत्ता सीताफळं आहेत की! फळावरचे डोळे उघडून त्यांच्या मधल्या रेघा पिवळसर दिसल्या की तोडायची, पोरीला लगेच जमतंय. बिया मात्र धाकट्याच्या तोंडात जाऊ देऊ नका, फोडून चावल्या तर विषारी असतात.

— कापूस वेचायला लई मजा येते पण फवारणी कधी झालीय ते आधी विचारा अन् बोंडाची टोकं टोचतात म्हणून फुल बाह्या घाला. सोयाबीनच्या गंजीवर उड्या मारू देऊ नका, खाली विंचू असतोय, आणि अंगाला खाज सुटते ती वेगळीच. उन्हाचं म्हणाल तर सकाळी १० च्या आत आटपा, ऑक्टोबरचं ऊन लेकरांना झेपत नाही.

— सासर लातूरकडं आहे तर येळवशीलाच या ना, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, मार्गशीर्ष अमावस्येला! कडब्याची कोप (खोपटं), पांडवांची पूजा, जेवायला भज्जी, उंडे, आंबिल, सगळं गाव रानात असतं, कुणाच्याबी शेतात जा, जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

— सगळ्यांना थँक्यू! आत्ता सीताफळं अन् येळवशीला परत, रजा टाकायला सांगते ह्यांना.