मंगळावरच्या हळदीची विज्ञानकथा: अभिप्रायात कोणत्या चुका काढाव्यात?

कृष्णाकाठ (सांगली)
वाचक गटात एका विज्ञानकथेवर दहा मिनिटं बोलायचं आहे. कथानक असं: मंगळावरच्या वसाहतीत सांगलीजवळच्या हरिपूरची एक मुलगी एक गुंठ्याच्या काचघरात हळद लावते. आतला हवेचा दाब पृथ्वीच्या निम्मा. पीक निघतं, ती हळद शिजवून वाळवते. मग धुळीच्या वादळात काचघर फाटतं, चार मिनिटांत हवा संपणार असते. ती आजीला फोन लावते आणि आजी तिथल्या तिथे सांगते, "पेव कर, हळद त्यात घाल." (पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल, बंद कोठार.) पुढच्या हंगामात तीच हळद काढून लावतात, ती उगवते. गटात शास्त्र शिकलेलं कोणी नाही. काय बोलावं, काय सोडावं?

तारांगण
पहिली गोष्ट फोनची. मंगळ जवळात जवळ साधारण साडेपाच कोटी किमीवर असतो, लांबात लांब ४० कोटी. संदेश प्रकाशाच्या वेगाने गेला तरी एका बाजूला ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे प्रश्न गेला आणि उत्तर आलं, यात कमीत कमी सहा मिनिटं. हवा चारच मिनिटांची आहे! ही चूक सांगायलाच हवी, कारण शेवट तिच्यावरच उभा आहे.

वादळाचं दुसरं. तिथली हवा आपल्यापेक्षा साधारण साठपट विरळ. ताशी १०० किमीचा वारा अंगावर आपल्याकडच्या १३ किमीच्या वाऱ्याइतकाच लागेल. त्याने काचघर कसलं फाटतंय. धुळीचा खरा धोका अंधाराचा: २०१८च्या वादळात सौर पट्ट्यांवर चालणारी, मंगळावर फिरणारी अपॉर्च्युनिटी गाडी जून महिन्यात गप्प झाली ती कायमचीच. लेखकाने वीज आणि ऊब घालवून कंद गारठवले असते तर जास्त पटलं असतं. पण फाटण्याचं कारण बदललं तरी कथा तशीच चालते, म्हणून यावर एक वाक्य पुरे.

हळकुंड
मंगळाचं राहू द्या, कथा सांगलीतच फसली आहे. शिजवलेली हळद उगवत नाही. पेवात जातं ते शिजवून वाळवलेलं हळकुंड, बाजारासाठी. बेणं, म्हणजे पुढच्या लागवडीचे कंद, वेगळं ठेवतात: न शिजवलेले निरोगी गड्डे, सावलीत ढीग करून, वर हळदीचा पाला. त्याला थोडी हवा लागते. आणि पेव मिटल्यावर आत प्राणवायू उरत नाही, म्हणूनच तर उघडल्यावर लगेच कोणी खाली उतरत नाही. हळकुंड टिकतं ते याच कारणाने. जिवंत कोंब मात्र तिथे गुदमरेल.

शिजवण्याचाही प्रश्न आहे. निम्म्या दाबाला पाणी ८१-८२ अंशांना उकळतं. उघड्या काहिलीत पाऊण-एक तासात होणारी हळद तिथे कितीतरी जास्त वेळ घेईल. कच्ची राहिली तर पॉलिशला तुकडे पडतात, जास्त झाली तर रंग जातो. झाकण घट्ट बसणारा मोठा कुकर दाखवला असता की प्रश्न मिटला. काडी टोचून बघायची खूण तिथेही चालेल.

मातीबद्दल कथेत काही आहे का? २००८मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट सापडलं. ते थायरॉइडला बाधतं. पाण्यात विरघळतं, म्हणजे माती आधी धुऊन घ्यावी लागेल. उजेड आपल्या ४३ टक्के, पण हळद आडोशालाही येते. लेखकाची पिकाची निवड चांगली आहे, हे जरूर सांगा.

कृष्णाकाठ (सांगली)
मातीचा उल्लेखच नाही. पण एवढं सगळं काढलं तर लोक म्हणतील, कथा वाचली की पेपर तपासला?

तारांगण
म्हणून क्रम लावा. मंगळावर वसाहत आहे, हे लेखकाचं गृहीतक. ते मान्य करून टाका, त्यावर वाद नको. मग प्रत्येक चुकीला एकच प्रश्न: ही दुरुस्त केली तर कथेची गाठ सुटते का? वारा, कुकर, माती: नाही. फोन आणि बेणं: हो. दहातली सहा मिनिटं या दोन्हींना द्या, आणि दुरुस्तीही तुम्हीच सुचवा. आजीचं बोलणं आधी आलेल्या निरोपात असू द्या. हवा जात असताना मुलीला तो आठवतो, उलट विचारायची सोय नाही. संदेशाचा उशीर मग कथेच्या उपयोगी पडतो. आता आहे त्यात आजी शेजारच्या खोलीत असती तरी काही फरक पडला नसता, माझी मुख्य तक्रार तीच आहे.

हळकुंड
बेण्याचा हिशोबही जवळ ठेवा, कोणीतरी विचारेलच. हेक्टरी २५ क्विंटल धरलं तर गुंठ्याला २५ किलो. मंगळावर गुरुत्व ०.३८, म्हणजे हाताला साडेनऊ किलोइतकं लागेल. एकटी मुलगी एका खेपेत पोतं शेजारच्या हवाबंद खोलीत नेऊ शकते. चार मिनिटांत पेव खणायची गरजच नाही.