सेंट जर्मेनच्या मृत्यूची नोंद आहे

अठराव्या शतकातल्या युरोपात वावरलेला गूढ काउंट सेंट जर्मेन अमर होता, अशा दंतकथा आहेत. तो ‘मेला कधी हे कुणालाच ठाऊक नाही’ असं म्हटलं जातं, ते पटत नाही. २७ फेब्रुवारी १७८४ रोजी तो आजच्या उत्तर जर्मनीतल्या एकर्नफोर्डे गावी वारला आणि तिथल्या चर्चच्या वहीत तशी नोंद आहे. हेसे या जर्मन संस्थानाचा राजपुत्र कार्ल याच्या आश्रयाने तो तिथे कापड रंगवायचे प्रयोग करत होता. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई यानेही त्याला शाम्बोरच्या राजवाड्यात जागा दिली ती रंगांसाठीच. अमरत्वाच्या गप्पांत हा रंगारी पार हरवला, याची मला खरंच हळहळ वाटते.

आणि त्याचं संगीत! १७४५ मध्ये लंडनला हेरगिरीच्या संशयावरून पकडला गेला, तेव्हा इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने पत्रात लिहिलंय की हा गातो, व्हायोलिन अप्रतिम वाजवतो, रचनाही करतो. त्याच्या छापील रचना आजही वाजवता येतात.