'अडाणी नातेवाईक' म्हणण्याआधी आयसीयूबाहेर एक रात्र काढा

धायरीकर: सोसायटीच्या ग्रुपवर काल एका डॉक्टरसाहेबांची पोस्ट फिरत आली. सार काय, तर ब्रेनडेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या, रुग्णाचे नातेवाईक अवयवदानाला नकार देतात कारण ते अडाणी आणि अंधश्रद्धाळू. 'जाळून राख करतील, पण देणार नाहीत.' डोकं फिरलं, म्हणून इथे लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मेव्हण्याला सिंहगड रोडवर ट्रकनं उडवलं. चौथ्या दिवशी सांगितलं, ब्रेनडेड. छाती वर-खाली होतेय, मॉनिटरवर ठोके दिसतायत, पिशवीत लघवी जमतेय. सासूबाईंनी विचारलं, "गेलाय म्हणता, मग हात गरम कसा?" त्या माउलीजवळ दोन मिनिटं कुणी बसलं नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत "प्रयत्न चालू आहेत, अजून एक लाख भरा", आणि सकाळी एक अनोळखी बाई गोड आवाजात किडनीबद्दल विचारतायत. आम्ही नाही म्हणालो. सासरे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत होते. आता अडाणी कोण ते सांगा.

सोम_बुध_शुक्र: वाईट वाटलं, खरंच. पण माझा नवरा पाच वर्षं सोम-बुध-शुक्र डायलिसिसवर आहे. अवयव वाटप करणाऱ्या झेडटीसीसी केंद्राच्या यादीत नाव आहे. रात्री फोन वाजला की दोघंही उठून बसतो, आणि तो निघतो क्रेडिट कार्डवाल्याचा. तुमच्या 'नाही'ची दुसरी बाजू आमच्या घरात बसलेली असते.

आणि ब्रेनडेड कुणी उगाच ठरवत नाही. चार डॉक्टर लागतात, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी होते, व्हेंटिलेटर बाजूला करून आपणहून श्वास येतो का तेही बघतात. प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्या चौघांत नसतो. १९९४ चा कायदा आहे.

धायरीकर: हे तुम्ही चार ओळींत सांगितलंत. आम्हाला तिथे एकानंही सांगितलं नाही. माझं भांडण तेवढंच आहे.

पेठेतला_संशयी: कायद्याचं कौतुक पुरे. २०२२ ला याच पुण्यात खोटी बायको उभी करून किडनी काढली होती ना? मग लोकांनी भरवसा कशावर ठेवायचा?

सोम_बुध_शुक्र: ते जिवंत माणसाच्या किडनीचं प्रकरण होतं. ब्रेनडेडचे अवयव यादीनं जातात. तिथे कुणाची बायको उभी करणार?

पेठेतला_संशयी: बरं बाई, तेवढं मान्य. पण 'अजून एक लाख भरा' म्हणत बिल वाढवत ठेवतात, ते मात्र मान्य नाही.

हेल्मेट_घालाच: मेव्हण्यानं हेल्मेट घातलं होतं का?

धायरीकर: हे विचारायची ही जागा आहे?

हेल्मेट_घालाच: हीच आहे. ब्रेनडेडमध्ये डोक्याला मार लागलेले दुचाकीवाले किती असतात, कुठल्याही आयसीयूत विचारा. २०१९ च्या जानेवारीत सक्ती आली तेव्हा याच शहरानं मोर्चे काढले. मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही!

पेठेतला_संशयी: लक्ष्मी रोडवर गाडी वीसच्या वर जाते का? आधी खड्डे बुजवा.

हेल्मेट_घालाच: खड्डा आहे म्हणूनच घाला ना! माझा मुलगा तीस सेकंदांच्या अंतरासाठी घालतो.

पेठेतला_संशयी: तीस सेकंदांसाठी गाडी काढणाऱ्या मुलाला आधी चालायला शिकवा.

धायरीकर: घातलं होतं. बंद लावला नव्हता. झालं समाधान?

हेल्मेट_घालाच: माफ करा. तेवढं तरी विचारायला नको होतं.

रात्रपाळी: अकरा वर्षं आयसीयूत नर्स होते. 'पुढच्या जन्मी डोळे नसतील' हे मी मोजून दोनदा ऐकलं. नेहमी ऐकू येतं ते "बॉडी कधी मिळेल?" अपघात म्हणजे पोलीस, पंचनामा, पोस्टमॉर्टेम. त्यात अवयव काढायचे म्हणजे अजून किती तास, ही धास्ती.

दुसरं, बायको तयार असते. मग पहाटे गावाहून जीप येते. चुलते उतरतात, "आम्हाला न विचारता?" म्हणतात आणि तिचं तोंड बंद होतं. कायद्याच्या 'जवळच्या नातेवाइकां'त चुलता बसतही नाही. पण दहाव्याला घाटावर पुढे तोच उभा असतो ना.

आणि सर्वांत विचित्र गोष्ट. नाही म्हटलं तर मशीन लगेच बंद होत नाही. ब्रेनडेथ कायद्यात आहे ती मुख्यतः अवयवदानासाठी, त्यामुळे नकारानंतर व्हेंटिलेटर काढायला बरेच डॉक्टर कचरतात. हृदय थांबेपर्यंत मीटर चालू. नातेवाईक म्हणतात, मेलाय तर मशीन कशाला? खोटं बोलत होते!

धायरीकर: आमचं हेच झालं. नकारानंतर दोन दिवस. सासूबाई अजून म्हणतात, "तो दोन दिवस जगला होता." मी काय उत्तर देऊ?

सोम_बुध_शुक्र: हे मला माहीत नव्हतं. तरी तुम्ही हो म्हणायला हवं होतं असंच वाटतं मला. खोटं कशाला बोलू?

धायरीकर: बोलू नका. मेव्हणा स्वतः कधी बोलला असता तर म्हणालोही असतो. घरी हा विषय काढला की सासूबाई "शुभ बोल नाऱ्या" म्हणून गप्प करायच्या. असो. डॉक्टरसाहेबांना उत्तर म्हणून हाच धागा ग्रुपवर टाकतो, हेल्मेटचं वगळून.

हेल्मेट_घालाच: वगळू नका.