उत्तर: भरतीचं गणित

फ्लेमिंगो बघायला गेलो आणि ठाणे खाडीत नुसतं पाणी दिसलं, असं वर एकाने लिहिलंय. बहुतेक पूर्ण भरतीला पोचला असाल. हे पक्षी चिखलात चरतात. पाणी चढलं की चिखल बुडतो आणि सगळा थवा उठून नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर जाऊन बसतो. त्यामुळे भरतीला नेरुळचं डीपीएस तळं (डीपीएस शाळेजवळचं), ओहोटीला खाडी, असा साधा हिशोब ठेवा.

वेळ काढायला अॅप लागत नाही. आमच्या कोकणात तिथीची पाऊणपट करतात. एकादशी असेल तर अकराचे पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे साधारण सव्वाआठला पूर्ण भरती, मग सहा तासांनी ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतंच. (आजोबा हे बोटांवर करायचे, मला अजून कॅलेंडर लागतं.)

ऐरोलीहून खाडीत फ्लेमिंगो दाखवायला नेणाऱ्या बोटीचा मात्र पेच आहे. बोट चालायला पाणी हवं, पक्ष्यांना चिखल हवा. म्हणून भरती नुकती उतरायला लागलेली फेरी मिळाली तर ती घ्या, काठाचा चिखल उघडा पडत असतो. बुकिंग करतानाच तिथी बघा.

नोव्हेंबर ते मे हा हंगाम, पण मोठे थवे हवे असतील तर फेब्रुवारीनंतर जा. दुर्बीण न्याच, मोबाइलच्या झूममध्ये गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही येत नाही. आणि ड्रोन कृपया घरीच ठेवा.