गौताळ्याच्या पायथ्याला उंच जाळी लावायची आहेत: बांबू घ्यावा की फांदीवरून दोरी टाकावी?

सालईवाला
कन्नड तालुक्यात गौताळ्याच्या पायथ्याला एका नाल्यात हिवाळी रिंगिंग (पक्षी पकडून पायात रिंग घालून सोडणं) चालू आहे. अभयारण्याच्या हद्दीबाहेर. परवानगी, रिंगा, प्रशिक्षित रिंगर सगळं आहे, प्रश्न फक्त उंचीचा. जाळी १२ मीटर लांब, २.६ मीटर उंच, चार झोळ्यांची (पक्षी ज्यात पडतो ते आडवे खिसे), आस म्हणजे छिद्र १६ मिमी. ती जमिनीलगत लावली की बुलबुल, सातभाई, वटवटे मिळतात. वर कडुनिंबाच्या शेंड्यात हळद्या, गोमेट, सुभग दिवसभर फिरतात, त्यांतलं एकही जाळ्यात येत नाही. दोन जाळी एकावर एक जोडून वरची कड ८ मीटरवर न्यायची आहे. खांबाला कप्पी लावून जाळ्याच्या टोकांचे फास थेट दोरीला बांधले, तर वरच्या झोळ्या हाताशी येतच नाहीत, खालचा फास बुडाशी येऊन अडकतो. शिडी लावून पक्षी काढणं चूक आहे हे कळतं. मग काय करावं? आणि खांब न रोवता फांदीवरून दोरी टाकली तर चालेल का?

गोदाकाठ
अडचण बरोबर पकडलीत. बरेच जण इथंच फसायलेत. हिशोब बघा: झोळी पडावी म्हणून जाळी उभ्यात ढिली लावली की खालची कड साधारण ३.४ मीटरवर येते. ती खाली येऊन बुडाशी टेकेपर्यंत जाळं जेमतेम ३ मीटर उतरतं, म्हणजे वरची कड ५ मीटरवर लटकून राहते. फास चढ-उताराच्या दोरीला बांधायचेच नाहीत.

प्रत्येक खांबासाठी एक वेगळी ‘माळ’ करा. ५ मीटर विणीची दोरी घ्या आणि तिच्यावर ५५ ते ६० सेंमी अंतरानं ९ गाठी मारा. एका जाळ्याला पाच फास, दोघांचे मिळून दहा. वरच्या जाळ्याचा शेवटचा आणि खालच्याचा पहिला फास एकाच गाठीवर येतो, म्हणून ९. जाळ्यावर लिहिलेल्या मापाएवढं अंतर ठेवू नका, ४-५ बोटं कमीच ठेवा. जाळं उभ्यात ताणलं की झोळी उरत नाही, पक्षी धडकून परत उडतो. आडवा ताण मात्र हवा, बोटानं टिचकी मारली की दोरी हलली पाहिजे, लोंबली नाही पाहिजे.

चढ-उताराची दोरी कप्पीतून फिरणारं बंद कडं असते. कप्पी ८.३ मीटरवर असेल तर दर खांबाला गाठीसकट १७-१८ मीटर दोरी लागते, ६ मिमी जाडीची, विणीची. पिळाची सुतळी किंवा प्लास्टिकचा नाडा घेऊ नका. ताण पडला की पीळ उलगडतो, दोरी स्वतःभोवती फिरते आणि जाळं खांबाला गुंडाळलं जातं. माळेचं वरचं टोक या दोरीला पक्कं, खालचं टोक उघड्या हुकानं.

उतरवताना हुक काढायचा, दोन्ही खांबांवरच्यांनी मोजत एकेक झोळी, म्हणजे ६० सेंमी, खाली घ्यायची. झोळी छातीशी आली की थांबा, पक्षी काढा, ती झोळी बंद करून खालच्या ताडपत्रीवर सोडा, मग पुढची. ताडपत्री नसेल तर गोखरू आणि काटक्या अडकून अर्धा तास जातो. एकानं ओढलं आणि दुसरा मागे राहिला, तर जाळं तिरकं होऊन सगळे पक्षी एका कोपऱ्यात घसरतात आणि गुंता तिथंच होतो. ‘एक, दोन, थांब’ असं मोठ्यानं बोला, खुणा करत बसू नका. जाळ्यात पक्षी नसताना रिकाम्या जाळ्यावर सराव करा. दोन माणसांना आठही झोळ्या एका मिनिटात खाली आणता येईपर्यंत खरं जाळं उघडूच नका. उंची वाढवणं सोपं आहे, उतरवणं अवघड. जितकं झटपट उतरवता येतं, तितक्याच उंचीवर जाळं.

माळावरचा
गोदाकाठ यांच्याशी सहमत, खांबाबद्दल थोडं जोडतो.

३० फुटी बांबू घ्या, बुंधा मनगटापेक्षा जाड. ६० सेंमी खड्ड्यात गेला की वर साधारण साडेआठ मीटर उरतो, बरोबर जमतं. पातळ मेस (बारीक बांबू) नको. आडव्या ताणानं शेंडे एकमेकांकडे झुकतात, वरच्या झोळ्या ढिल्या पडतात आणि खालच्या ताणून राहतात. झुकलेल्या खांबाला जाळं ओढून सरळ करायला जाऊ नका, ताण (खांब धरून ठेवणारी दोरी) मागे घ्या. दर खांबाला तीन ताण: एक जाळ्याच्या रेषेत सरळ मागे, दोन बाजूंना, पण किंचित पुढे झुकते. असं केलं की जाळं उतरवलेलं असतानाही खांब मागे कलत नाही आणि जाळ्याच्या आड काही येत नाही. मेखा खांबापासून ५ मीटरवर, खांबाच्या उलट दिशेला कलत्या ठोका.

मेख ही आपल्याकडची खरी डोकेदुखी. मुरमाड माळावर ती आत जात नाही, पहारीनं आधी भोक पाडा किंवा दगडाला ताण बांधा. काळ्या रानात उलट: पावसानंतर ओल असली की ६० सेंमीची मेखही हळूहळू वर येते, उन्हाळ्यात भेग बरोबर मेखेशी उघडते. काळ्या मातीत मेखेऐवजी फूटभर लांब लाकडाचा ओंडका आडवा पुरून त्याला ताण बांधा. पाच मिनिटं जास्त, पण रोज सकाळी तपासावं लागत नाही.

फांदीचं म्हणाल तर चालतं, पण एकाच बाजूला. एक टोक झाड, दुसरं खांब. दोन्ही टोकं झाडांना दिली की वाऱ्यात दोन फांद्या वेगवेगळ्या हलतात, जाळं कधी ताणलं जातं कधी लोंबतं. आधी २०० ग्रॅम वाळूची पिशवी बारीक दोरीला बांधून फांदीवरून टाका, मग तिच्यानं जाड दोरी ओढून घ्या. गोफणीनं फेकलं तर उंची मिळते, नेम मिळत नाही. शेवगा, पांगारा यांच्या फांदीवर भरवसा नको. फांदीला कप्पी टांगा, दोरी थेट सालीवर घासू देऊ नका. आणि वर बघा, आग्या मोहोळ आहे का. उंच वड-उंबरावर ते असतंच, पिशवी पोळ्याला लागली तर पळायला जागा मिळत नाही.

विजेची तार जवळ असेल तर जागाच बदला. ओला बांबू, ओली दोरी, धातूचा पाईप, तिन्हीतून प्रवाह येतो. खांब पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर हवं, खांबाच्या उंचीच्या दीडपट धरा.

झोळीतलापाहुणा
वारा विसरलात सगळे. नाल्यात खाली पान हलत नसलं तरी ८ मीटरवर वारा असतो. हिवाळ्यात उजाडल्यावर दोनेक तास शांत, मग ऊन तापलं की सुरू. झोळ्या फुगून सपाट झाल्या की जाळं दिसतं आणि पक्षी आधीच वळतो. आत आलेला असेल तर झोक्यावर बसल्यासारखा डुलतो, पाय आणि पंख पिळत जातात. जाळं फुगायला लागलं की उतरवा, वारा पडायची वाट बघू नका. आडव्या दोरीला जाळं जागोजाग बांधलेलं घ्या. सुटं असलं तर वाऱ्यात सगळं एका टोकाला सरकतं.

जमिनीच्या जाळ्याला दर अर्ध्या तासाला फेरी चालते, उंचावर १५ मिनिटं. वर पक्षी उन्हात लटकतो, सावली नसते. खालून दिसत नाही म्हणून दुर्बिणीनं एकेक झोळी बघा. शिक्रा वरच्या जाळ्याला सहज गाठतो, त्यामुळे एक माणूस कायम खाली बसलेला हवा. मार्चमध्ये ९ च्या पुढे उघडं ठेवायचंच नाही.

पळस फुलला की मात्र खबरदारी. भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) थवा एका झटक्यात आत शिरला तर ४०-५० पक्षी दोन माणसांना आवरत नाहीत. तुमची १६ मिमी आसाची जाळी छोट्या पक्ष्यांची, भोरडी तीत डोक्यानं अडकते आणि सुटायला वेळ घेते. ज्वारीच्या रानाशेजारी किंवा त्यांच्या मुक्कामाच्या झाडाजवळ संध्याकाळी उंच जाळं लावूच नका.

नोंद ठेवताना झोळीचा क्रमांक खालून १ ते ८ लिहा, जाळं किती तास उघडं होतं तेही. एक १२ मीटर जाळं एक तास म्हणजे एक जाळं-तास, दोन जोडलेली असली की दोन. उंच जाळ्याची संख्या खालच्याशी ताडायची तर खालचं जाळं त्याच जागी, त्याच वेळात उघडं हवं. नाहीतर हळद्या उंचीमुळे आला की उंबर पिकला म्हणून, हे सांगता येत नाही.

सालईवाला
माळेची कल्पना पटली, रिकाम्या जाळ्यावर सराव करून बघतो. खालच्या टोकाला हुक कोणता? स्प्रिंगचा चालेल का?

गोदाकाठ
स्प्रिंगच्या बारीक हुकात जाळ्याचा धागा शिरतो आणि घाईत तुटतो. पडद्याची गोल कडी आणि लाकडी खुट्टी करा: कडी दोरीवर, खुट्टी माळेच्या टोकाला. थंडीत बोटं बधिर असली तरी उघडते. वरच्या फासाला लाल धागा बांधा, म्हणजे अंधारात जाळं उलटं चढत नाही.